छातीचं ऑडिट

चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या कारखान्यात, ऑडिट लागलं की मॅनेजरच्या आधी भीमराज ओव्हाळची आठवण निघायची. माणूस तसा लाइनवरचा जुना ऑपरेटर, पण कस्टमरची माणसं तपासणीला येणार म्हटलं की त्याच्या अंगात वारं भरायचं. जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवून घे, सांडलेलं तेल भुशानं टिपून घे, सगळ्यांच्या हातात नवे हातमोजे दे, असं त्याचं सुरू व्हायचं. आणि सगळ्यात शेवटी, बिघडलेले, रिजेक्ट झालेले भाग टाकायची लाल पेटी तो कॉम्प्रेसरच्या मागं अशी सरकवायचा, की शोधणाऱ्याच्या बुटालासुद्धा ती लागू नये. ही शेवटची करामत खास त्याची. "पाहुणे आल्यावर आपण उष्टी भांडी पुढ्यात मांडतो का?" असं वर विचारायचा.

त्याच्या लाइनवर आजवर एकही शेरा पडला नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान झाकून ठेवण्याची त्याला सवय नव्हती.

त्याहून मोठा अभिमान कासारवाडीला त्याच्या घरात राहत होता. त्याची लेक अपेक्षा इंजिनीअर झाली होती आणि माणमधल्या एका कंपनीत कामाला होती. कंपनी एवढीशी, की सगळी माणसं एका टेम्पोत बसून सहलीला गेली असती. पण काम साधं नव्हतं. छातीला बांधायचा एक पट्टा त्यांनी बनवला होता. तो हृदयाचे ठोके टिपायचा, त्यात मिसळलेला कचरा काढून टाकायचा आणि उरलेली स्वच्छ रेघ मोबाइलच्या नेटवर्कवरून थेट डॉक्टरांच्या फोनवर पाठवायचा. माणूस चाकणला मशीनवर उभा, डॉक्टर पिंपरीला, मध्ये वायर म्हणून नाही. कचरा काढायचं काम अपेक्षाचं. ते कसं करायचं हे कंपनीत तिच्याएवढं कुणाला कळत नाही, असं भीमराज सांगायचा. कंपनीच्या बसमध्ये हे न ऐकलेला एकही माणूस उरला नव्हता. शेजारच्या प्रेसवरचा जयसिंग तर हात जोडून म्हणायचा, "भाऊ, कालच ऐकलंय. आज जरा झोपू द्या."

खरं सांगायचं तर कचरा म्हणजे काय हे भीमराजला एवढ्यातच कळलं होतं. इतके दिवस त्याला वाटत होतं, हा प्रेसचा धडधडाट असणार.

"तो कानाचा आवाज, पप्पा," जेवताना अपेक्षानं सांगितलं होतं. "हा वेगळा. हृदयातून येणारा विजेचा इशारा अगदी बारीक असतो. त्यात भिंतीतल्या विजेची गुणगुण मिसळते. हात हलवला की दंडाच्या स्नायूंची खरखर येते. श्वास घेतला की रेघ झोके खाते. समजा लग्नात डीजे लागलाय आणि आजी कानाशी येऊन काहीतरी महत्त्वाचं सांगतेय. आम्हाला डीजे बंद करायचाय, आजीचं बोलणं नाही."

"आणि चुकून आजीच बंद झाली तर?" कस्तुरानं भाकरी उलटता उलटता विचारलं.

अपेक्षाचा घास हातातच राहिला. "तोच तर प्रश्न आहे, आई. डॉक्टर मॅडमपण तेच विचारतायत."

डॉक्टर मॅडम म्हणजे डॉ. दीपमाला. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात त्या हृदयाचे पेशंट बघायच्या. त्यांचे निम्मे पेशंट कारखान्यांतले. शिफ्ट सोडून तपासणीला यायचे नाहीत आणि यायचे तेव्हा थेट स्ट्रेचरवरून. म्हणून त्यांना पट्टा हवा होता, पण त्यांची अट होती. खऱ्या कारखान्यात, खऱ्या कामगारांच्या छातीवर तो चालवून दाखवा. माझ्या खोलीत मशीन लावून मला जे दिसतं तेच फोनवर दिसलं, तर माझे पेशंट तुमच्या हवाली. नाहीतर नमस्कार.

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?" भीमराजनं विचारलं.

"तर एवढ्या वर्षांचं काम गेलं. दुसरे कुठले डॉक्टर आम्हाला दारात उभे करतील?"

भीमराजनं ताट बाजूला सारलं. "मग माझ्या छातीला बांध. आमच्या शॉपएवढा गोंधळ तुला अख्ख्या चाकणात मिळायचा नाही. जयसिंगला घेतो, लाइनवरचे अजून चार जण आणतो."

अपेक्षानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती "चालेल" म्हणाली. एवढ्या पटकन चालेल म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हल्ली भीमराजला जिना चढताना धाप लागायची आणि छातीवर कुणी वरवंटा ठेवल्यासारखं व्हायचं. बस पकडायला कासारवाडी स्टेशनचा पूल ओलांडावा लागे, त्यावर मध्येच थांबून तो खालून जाणारी लोणावळ्याची गाडी बघत बसायचा. अपेक्षानं तपासून घ्या म्हणून लकडा लावला होता. "मला काय धाड भरलीय?" एवढंच तिला उत्तर मिळायचं. मग तिनं विषय सोडला, आणि भीमराजला वाटलं, सुटलो.

पट्टे बांधताना अपेक्षानं सगळ्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. रोज जसं काम करता तसंच करा, आणि छातीत काहीही वेगळं वाटलं तर पट्ट्यावरचं बटण दाबा.

भीमराजनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ऑडिट सुरू केलं.

पत्रे उचलायचं काम त्यानं गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. मशीनपाशी तो असा ताठ उभा राहायचा, की सुपरवायझरनं विचारलं, मान धरलीय का? श्वास हळू घ्यायचा, हात जपून हलवायचा. छातीवर वरवंटा येतोय असं वाटलं की स्टुलावर टेकायचा आणि जाईपर्यंत वाट बघायचा. पुलापाशी आला की घामाचं निमित्त करून पट्टा सोडायचा आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा बांधायचा. बटणाला तर त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. बटण दाबलं म्हणजे शेरा पडला, आणि पोरीच्या मशीनवर पहिला शेरा बापाच्या छातीवरून पडावा, हे त्याच्या जिवावर आलं असतं.

जयसिंगनं मात्र बटण दाबलं. ते कळल्यावर भीमराज त्याच्यावर उखडलाच.

"आरं काय झालं होतं तुला?"

"मिसळ खाल्ली व्हती, भाऊ. जळजळलं. ताईच म्हणल्या की कायबी वाटलं तर दाबा."

"मिसळीसाठी दाबतात व्हय बटण? माझ्या पोरीचं मशीन आहे ते, सोड्याची बाटली नाही!"

ठरलेले दिवस संपले आणि डॉ. दीपमालांनी सगळ्यांना हॉस्पिटलात बोलावलं. भीमराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेला, पट्टा शर्टाच्या आत बांधलेलाच. कस्तुरा बरोबर होती. खोलीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रेघा दिसत होत्या. एका बाजूला कचऱ्यासकट आलेली, दुसऱ्या बाजूला अपेक्षाच्या फिल्टरमधून निघालेली.

आधी जयसिंगची. कचऱ्यासकटची रेघ म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. शेजारची मात्र नीट, ठोक्यामागून ठोका ओळखू येणारी. डॉक्टरीणबाईंनी ती बराच वेळ न्याहाळली. "छान. यांचं हृदय उत्तम आहे. मिसळ तेवढी जपून खा." सगळे हसले. आणखी दोघांच्या रेघा दिसल्या, त्याही त्यांना पसंत पडल्या. अपेक्षाच्या खांद्यांवरचा ताण उतरताना भीमराजला दिसला आणि त्याची मान वर झाली. आता आपली पाळी. बघाच म्हणावं.

त्याची रेघ आली. डावीकडे स्वच्छ, उजवीकडे स्वच्छ. भीमराजनं मोठ्या तोऱ्यात कस्तुराकडे पाहिलं.

डॉ. दीपमाला पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "ही रेघ माणसाची आहे की कॅलेंडरवरची? एवढी देखणी रेघ तर माझ्या पलंगावर झोपलेल्या पेशंटचीही येत नाही. प्रेस चालवणाऱ्याची कशी आली, अपेक्षा?"

"मॅडम, फिल्टरच्या आधीही ती तशीच आहे," अपेक्षा म्हणाली.

"म्हणजे पट्ट्याला या माणसाचं काही ऐकूच येत नाहीये. ठणठणीत लोकांच्या रेघा छान आल्या, मान्य. मला त्याचं करायचंय काय? मला आजारी माणूस दिसायला हवा. तो तुम्ही अजून एकदाही दाखवलेला नाही. यावर मी माझे पेशंट सोडू शकत नाही."

अपेक्षा पडद्याकडे बघत होती. लहानपणी शर्यतीत पडली की अशीच न रडता उभी राहायची. आपण जिला डाग लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला तिच्याच तोंडाला काळं फासलं, हे त्याला कळलं आणि तो उठून उभा राहिला.

"मॅडम, पट्ट्यात खोट नाही. खोट माझ्यात आहे. मी ऑडिटसारखं केलं."

"म्हणजे?"

मग त्यानं सगळं सांगितलं. पत्रे दुसऱ्याला उचलायला लावले, ताठ उभा राहिलो, पट्टा सोडला. लाल पेटीचंसुद्धा सांगून टाकलं. जयसिंग खाली बघून हसला, कस्तुरानं कपाळाला हात लावला. सगळं सांगितलं, पण छातीवरच्या वरवंट्याचं तेवढं नाही. ती पेटी अजून कॉम्प्रेसरच्या मागंच राहिली.

डॉक्टरांनी त्याला नीट पाहून घेतलं. "मग आता ऑडिट नको. जिन्यानं वर जा, रोज चालता तसे. आम्ही इथं रेघ बघतो. भाग्यश्री सिस्टर, यांना रस्ता दाखवा."

जिन्यावर कसला आलाय रस्ता, असं भीमराजला वाटलं, पण सिस्टर खांद्याला पिशवी अडकवून त्याच्या मागं निघालीच.

पहिल्या पायऱ्या तो तोऱ्यात चढला. पाय दणादणा आपटले, हात मुद्दाम हलवले. घ्या म्हणावं कचरा, हवा तेवढा घ्या. वळणावर आला आणि वरवंटा आला. रोजचाच, पण आज जड. जबड्यापर्यंत कळ गेली. भीमराजला काय करायचं ते पाठ होतं. खिडकीशी टेकायचं, खालच्या बसकडे बघायचं, कुणी विचारलं तर नवी बस दिसतेय म्हणायचं. तो टेकलासुद्धा.

आणि मग त्याला खालची खोली आठवली. अपेक्षा पडद्याकडे डोळे लावून बसली असेल. आता या क्षणी रेघ सरळ दिसली, तर पट्टा आंधळा ठरेल. त्याच्या छातीत काहीतरी बिघडलंय हे त्याला ठाऊक होतं, कधीपासून ठाऊक होतं. ते पोरीच्या मशीनला दिसलं पाहिजे. आयुष्यभर त्यानं एकच इच्छा केली होती, की खोट सापडू नये. आज पहिल्यांदा तो मनापासून म्हणाला, सापडू दे. पोरी, माझी खोट तुझ्या हाताला सापडू दे.

त्यानं बटण दाबलं. नुसतं दाबलं नाही, अंगठा त्यावर रोवून धरला.

"काका, बसा. उभे राहू नका," सिस्टर म्हणाली. तिच्या कानाला फोन होता आणि वळणाच्या वर, कोपऱ्यात, चाकाची खुर्ची तयार होती. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली.

"दिसलं का?" भीमराजनं विचारलं. "खाली... दिसलं का त्यांना?"

"तुम्ही बटण दाबायच्या आधीच मॅडमचा फोन आला. बसवा म्हणाल्या, लगेच बसवा."

"आधीच?"

"आधीच, काका. बोलू नका आता."

भीमराज हसला. छातीत कळ असताना हसणारा पेशंट भाग्यश्री सिस्टरनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासणीत हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद सापडली. ती उघडून आत बारीकशी जाळीची नळी बसवली. अजून थोडे दिवस गेले असते तर मशीनवरच कोसळले असते, असं डॉ. दीपमालांनी कस्तुराला स्वच्छ सांगितलं. कस्तुरानं तिथंच डोळ्याला पदर लावला, आणि मग वॉर्डात येऊन नवऱ्याला असं काही सुनावलं, की शेजारच्या पेशंटनं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या त्या हातात एक छापील कागद घेऊन. "ठोका पडून गेल्यावर रेघ इथं सपाट यायला हवी. तुमची बघा, पायरीगणिक खाली बसत गेलीय. तुम्ही पाय आपटत होता, दंड हलत होते, श्वास फुलला होता. तो सगळा कचरा या मुलीनं काढला आणि हे एवढं जागच्या जागी ठेवलं. माझ्या खोलीतल्या मशीननंसुद्धा मला हेच दाखवलं असतं." मग त्या अपेक्षाकडे वळल्या. "माझे चाकणचे पेशंट तुझे. पट्टे कधी देतेस?"

अपेक्षा त्या कागदाकडेच बघत राहिली. कस्तुरा मात्र म्हणाली, "डीजे बंद झाला आणि आजी बोलत राहिली म्हणायची."

तो कागद भीमराजनं उशाशी ठेवून घेतला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हातात द्यायचा. शेजारचा पेशंट, चहावाला, झाडूवाल्या मावशी, कुणी सुटलं नाही. जयसिंग आला तेव्हा त्यालाही दाखवला.

जयसिंगनं कागद उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, ही तर पार वाकडी हाय. हे रिजेक्ट की वो."

"रिजेक्टच आहे. पण पकडलं कुणी, ते बोल!"

"व्हय, ते बी खरंच." जयसिंग घुटमळला. "भाऊ, एक इचारायचं व्हतं. सोमवारी ऑडिट हाय. तुमी न्हाई. ती लाल पेटी कॉम्प्रेसरच्या मागं नेमकी कशी घालायची? आमाला काय जमंना."

भीमराजनं कागदाची घडी घातली. "मागं नको घालू. पुढं ठेव. येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसली पाहिजे."

जयसिंगनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू भाऊची भूल अजून उतरली नसावी. पण ठेवतो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी कस्तुरा डबा धुवायला नळाकडे गेली तेव्हा अपेक्षा पलंगाच्या कडेला येऊन बसली. भीमराजला कधीपासून बोलायचं होतं.

"अपू, मी ते सगळं तुझ्यासाठीच केलं गं. तुझ्या मशीनला डाग नको म्हणून. आणि मीच तुला गोत्यात आणलं."

"पप्पा, तुम्ही पुलावर गाड्या बघायला थांबता ना?"

"हं. म्हणजे, तसं..."

"मी मागून येत होते एकदा. तुम्ही कठड्याला धरून उभे होता. खाली गाडीच नव्हती."

भीमराज पांघरुणाच्या सुरकुत्या सारख्या करू लागला.

"तपासायला चला म्हटलं तर तुम्ही आला असता का? नसता आला. पण माझ्या मशीनसाठी तुम्ही काहीही कराल, हे मला माहीत होतं. त्या दिवशी जेवताना मी तेवढ्यासाठीच विषय काढला होता. तुम्ही कधी म्हणताय 'माझ्या छातीला बांध', याची वाट बघत बसले होते. मग रेघ अशी कोरी करकरीत आली आणि माझा जीवच गेला. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आपण त्यांना आपल्या डोळ्यांसमोर चढवू."

"म्हणजे ती सिस्टर... ती खुर्ची..."

"आधीच ठेवली होती. पण पप्पा, मॅडम पट्ट्याबद्दल बोलल्या ते नाटक नव्हतं हं. तुमची रेघ जिन्यावर सरळ आली असती, तर त्यांनी खरंच नमस्कार केला असता. आणि मला पट्ट्याचं काही वाटलं नसतं. मी फक्त म्हणत होते, दिसू दे." एवढं बोलून ती रडायला लागली.

भीमराजनं सलाइन नसलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. मोठमोठ्या कंपन्यांचे ऑडिटर त्यानं आजवर वाटेला लावले होते, आणि या पोरीनं त्याच्या घरात, त्याच्याच ताटासमोर बसून त्याचं ऑडिट लावलं, पार पाडलं, त्याला वास लागू दिला नाही. त्याला रागवायचं होतं. राग काही येईना, ऊर तेवढा भरून आला.

कस्तुरा डबा घेऊन परत आली आणि दोघांकडे बघत दारातच थबकली.

"ऐकलंस का कस्तुरा," भीमराज डोळे पुसत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला फसवलं पोरीनं! भीमराज ओव्हाळला फसवलं!"

आणि शेजारच्या पेशंटकडे वळून त्यानं उशाखालचा कागद पुन्हा बाहेर काढला.